चाक कुठे थांबावे?

७ ऑगस्ट २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी एका कायद्यावर सही केली आणि आयडाहो राज्यातल्या व्हाइट क्लाउड्स डोंगरांतल्या दोन वाटा सायकलस्वारांना बंद झाल्या. कॅसल डिव्हाइड आणि अँट्स बेसिन ही त्यांची नावे. उंच खिंडी, पांढुरका दगड, खाली निळी तळी आणि छाती फोडणारी चढण. आपल्याकडचे ट्रेकर नळीच्या वाटेचे नाव ज्या आदराने घेतात, त्याच आदराने अमेरिकेतले माउंटन बाइकवाले या वाटांची नावे घेत. तिथे खाण निघाली नव्हती की धरण येणार नव्हते. उलट त्या डोंगरांना देशातले सर्वांत कडक संरक्षण मिळाले होते. पावणेतीन लाख एकरांचा मुलूख ‘वाइल्डरनेस’ म्हणून घोषित झाला होता, आणि वाइल्डरनेसमध्ये सायकल चालत नाही.

या पुस्तकाचा विषय त्यातून उठलेले भांडण हा आहे. वाचकाला वाटेल, दूर देशातल्या हौशी लोकांची ही कुरबुर, तिचे आपल्याला काय? मलाही या विषयात ओढले ते सायकलच्या प्रेमाने नव्हे. जंगल तोडणारा एका बाजूला आणि वाचवणारा दुसऱ्या बाजूला, अशा लढाया आपण पुष्कळ वाचल्या आहेत. इथे दोन्ही बाजूंना वाचवणारेच उभे आहेत. डोंगर विकला जाऊ नये, खोदला जाऊ नये, यावर त्यांचे एकमत आहे. मतभेद आहे तो त्या डोंगरात कसे जावे यावर, आणि तो चाळीस वर्षे मिटलेला नाही.

आधी कायदा. वाइल्डरनेस अ‍ॅक्टवर ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केली. मसुदा मुख्यतः हॉवर्ड झानायझर यांचा. आठ वर्षांत त्यांनी त्याचे साठाहून अधिक खर्डे केले आणि सही होण्याच्या चार महिने आधी, मे महिन्यात ते गेले. कायद्याने पहिल्याच दिवशी ९१ लाख एकर जमीन या वर्गात घातली. आज हा आकडा ११ कोटी एकरांच्या पुढे गेला आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट. त्यातली निम्म्याहून अधिक जमीन एकट्या अलास्कात आहे. या जमिनीवर काय करू नये याची यादी चौथ्या कलमात आहे: रस्ता नको, मोटारगाडी नको, यंत्राची बोट नको, विमान उतरवणे नको, बांधकाम नको. या यादीतच थोडक्या शब्दांची एक पुस्ती आहे, की यांत्रिक वाहतुकीचा दुसरा कोणताही प्रकार नको. सगळा वाद या पुस्तीवर उभा आहे.

आपल्या वाचकाला यातली गंमत चटकन कळावी म्हणून ताडोबाची आठवण करून देतो. आपल्या व्याघ्र प्रकल्पात पर्यटकाने जिप्सीत बसूनच फिरायचे असते. पाय खाली टेकवला की गाइड ओरडतो. वाइल्डरनेसमध्ये नेमके उलटे आहे. पायी जा, घोड्यावरून जा, वल्ही मारत होडीतून जा, आठवडाभर तंबू ठोकून राहा. वाहन मात्र नको. ताडोबात कायद्याचे लक्ष वाघावर आहे आणि माणसाला डब्यात बंद ठेवलेले बरे असे त्याचे म्हणणे आहे. अमेरिकन कायद्याचे लक्ष प्राण्यांइतकेच माणसाच्या अनुभवावरही आहे. यंत्राशिवाय, स्वतःच्या बळावर, मोठ्या प्रदेशात शिरण्याची संधी त्याला राखून ठेवायची आहे. हा फरक ध्यानात आला नाही तर पुढचा वाद हास्यास्पद वाटेल.

ही कल्पना मोटारीच्या धास्तीतून जन्मली. १९२१ साली वनखात्यात नोकरी करणाऱ्या आल्डो लिओपोल्ड यांनी एका लेखात सुचवले की काही प्रदेश रस्त्याविना राखावेत, आणि ते इतके मोठे असावेत की खेचरांवर सामान लादून दोन आठवडे भटकता यावे. १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतला गिला हा प्रदेश वनखात्याने तसा राखला. पुढे १९३५ मध्ये लिओपोल्ड, रॉबर्ट मार्शल, बेंटन मकाय आदींनी वाइल्डरनेस सोसायटी काढली. त्या काळी राष्ट्रीय उद्यानांच्या कड्याकड्यांवरून मोटारींसाठी घाटरस्ते निघत होते आणि ते पाहून ही मंडळी हादरली होती. लिओपोल्ड यांचे माप दिवसांत आणि चालीत होते, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता सायकल. डोंगरात सायकली माणसे आधीही घालत होती, पण माउंटन बाइक नावाची वस्तू घडली ती सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत, माउंट टॅमल्पायस या डोंगराच्या आसपास. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण मुले १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली भंगारातून उचलून वणवा विझवायला केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडत. १९७६ मध्ये त्यांनी शर्यती सुरू केल्या. दोनेक मैलांत १३०० फूट उतार. पॅडल उलटे दाबून लावायचे ब्रेक इतके तापत की हबमधले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला नवे भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नाव पडले रिपॅक. गॅरी फिशर यांचा ४ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम अजून सांगितला जातो. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सायकल बांधली, १९७९ मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाची कंपनी काढली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही सायकल दुकानांत आली. तिथून हा खेळ जगभर गेला. ज्या डोंगरावर तो जन्मला, तिथल्या बहुतेक अरुंद पायवाटा मात्र सायकलींना पुढे कित्येक दशके बंदच होत्या. वेगमर्यादा ताशी १५ मैल, आणि रेंजर रडार घेऊन सायकलवाले टिपायला उभे. कॅलिफोर्नियात मुलाबाळांकडे जाणारे आपले वाचक या डोंगरावर फिरायला जातातच. तिथल्या पाट्या जरा थांबून वाचाव्यात.

तेव्हा कायदा आधी आला आणि माउंटन बाइक नंतर. सायकलवाल्यांचा युक्तिवाद इथूनच सुरू होतो. ते म्हणतात, १९६४ च्या खासदारांसमोर ही सायकल नव्हतीच, त्यांच्या डोळ्यांपुढे होती मोटार. पुरावाही ते देतात आणि तो फालतू नाही. १९६६ मध्ये वनखात्याने केलेल्या पहिल्या नियमांत यांत्रिक वाहतुकीची व्याख्या अशी होती, की ज्या साधनाला सजीव नसलेली, त्या साधनातच बसवलेली शक्ती चालवते ते यांत्रिक. पायांनी चालणारी सायकल यातून सुटते. वनखात्याने वाइल्डरनेसमध्ये सायकलला निर्विवाद बंदी घातली ती १९८४ मध्ये, कायदा झाल्यावर वीस वर्षांनी.

इथे एक तारीख मला राहून राहून खटकते. त्याच वाइल्डरनेस अ‍ॅक्टने, खाणमालकांच्या बाजूच्या खासदारांना राजी करण्यासाठी, वाइल्डरनेसमध्ये नव्या खाणींचे दावे दाखल करायला ३१ डिसेंबर १९८३ च्या मध्यरात्रीपर्यंत मुभा दिली होती. म्हणजे खाणवाल्याची वीस वर्षांची सवलत संपली आणि त्याच्या मागोमाग सायकलवाल्याच्या तोंडावर दार लागले. गुरे चारण्याची परवानगी तर आजही चालू आहे. घोड्यांचे तांडे घेऊन गिऱ्हाइकांना फिरवण्याचा धंदाही कायदेशीर आहे. सायकलवाला चिडतो तो उगीच नाही.

तरीही माझे मत बंदीच्या बाजूचे आहे, आणि प्रस्तावनाकाराने ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. कारण मात्र बहुतेक जण देतात ते नाही.

बहुतेक जण म्हणतात, सायकलने वाट झिजते. याचा अभ्यास झाला आहे आणि निकाल सायकलच्या विरोधात गेलेला नाही. १९९४ मध्ये मोंटानातल्या वाटांवर विल्सन आणि सीनी यांनी केलेल्या प्रयोगात चाकांपेक्षा माणसांच्या आणि घोड्यांच्या पायांनी जास्त माती सुटी झाली. घोड्याचा खूर सर्वांत वाईट, हे बहुतेक पाहण्यांतून दिसते. वाट कुठून काढली आहे, उतार किती, पाणी कुठून वाहून जाते, याने जितका फरक पडतो तितका वरून कोण गेले याने पडत नाही. ज्याने पावसाळ्यात राजगडाची गुंजवण्याकडची वाट पाहिली आहे त्याला हे समजवायला प्रयोग लागत नाही. तिथे चाक कधी फिरलेले नाही.

प्राण्यांबाबत चित्र इतके सरळ नाही. युटातल्या अँटिलोप बेटावर टेलर आणि नाइट यांनी बायसन, म्यूल हरणे आणि प्रॉन्गहॉर्न पाहिले. चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला ते जवळपास सारखेच बिचकत होते. पण ओरेगनमधल्या स्टार्की प्रयोगवनात एल्क हरणांच्या गळ्यात पट्टे बांधून मोजले तेव्हा एल्क सर्वांत लांब पळाले ते चारचाकी मोटरबाइकपासून, आणि त्याखालोखाल सायकलपासून. पायी चालणारे आणि घोडेस्वार त्यांना त्यापेक्षा कमी सतावत होते. शिवाय अभ्यास एका भेटीचा हिशेब करतो. सायकलवाला त्याच दिवसात चालणाऱ्याच्या तिप्पट-चौपट मुलूख पालथा घालतो, म्हणजे भेटीही तितक्या वाढतात. आणि तो आवाज न करता, वेगात येतो. जून २०१६ मध्ये मोंटानात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळच्या जंगलात एक सायकलस्वार वळणावर थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलाने त्याला ठार केले. चौकशीत निघाले की थांबायला त्याच्याकडे एक-दोन सेकंद होते. अस्वलाकडेही तेवढेच होते, असे म्हणायला हरकत नाही.

माझे कारण लिओपोल्ड यांच्या मापाकडे जाते. दोन आठवडे पुरेल एवढा प्रदेश, असे त्यांनी म्हटले होते. बळकट सायकलस्वार तोच प्रदेश तीन दिवसांत ओलांडतो. चाकाने जमीन फारशी झिजत नसेल, पण ती लहान होते, आणि ती फक्त सायकलवाल्यासाठी लहान होत नाही. दोन दिवस चालून ज्या खिंडीत माणूस पोचला तिथे न्याहारी करून निघालेली टोळी दुपारी येऊन टेकली, की त्या चालण्याने मिळवलेले अंतर त्याच्याही हातून गेले. सायकलवाले यावर म्हणतात, हा तर निव्वळ भावनेचा प्रश्न झाला. खरे आहे. पण हा कायदाच भावनेवर उभा आहे. वाघांची संख्या किंवा पाण्याचे लिटर मोजून तो झालेला नाही. आणि असा कायदा देशाच्या भूमीच्या सुमारे ५ टक्के भागालाच लागू आहे. फेडरल सरकारची जमीन एकूण ६४ कोटी एकर आहे, उरलेल्या मुलखात चाकाला पुष्कळ जागा आहे.

कायदा बदलण्याचा प्रयत्न झाला तो २०१५ मध्ये निघालेल्या सस्टेनेबल ट्रेल्स कोअलिशन या गटाच्या रेट्याने. पुढच्या वर्षी युटाचे सिनेटर माइक ली आणि ऑरिन हॅच यांनी विधेयक आणले: प्रत्येक ठिकाणच्या अधिकाऱ्याने सायकलबाबत निर्णय घ्यावा, आणि दोन वर्षांत घेतला नाही तर वाट खुली समजावी. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाचे टॉम मॅक्लिंटॉक यांनी खालच्या सभागृहात दुसरे आणले. त्यात सायकलसोबत बाबागाड्या, एकचाकी हातगाड्या, शिकार ओढून न्यायचे गाडे आणि व्हीलचेअर यांचीही नावे होती. व्हीलचेअरला वाइल्डरनेसमध्ये १९९० च्या अपंग कायद्यानेच मुभा आहे. ती या यादीत कशाला घातली हे उघड आहे, आणि मला ते अजिबात आवडले नाही.

विशेष म्हणजे देशातल्या माउंटन बाइकवाल्यांची सर्वांत मोठी संघटना इम्बा, जी १९८८ पासून वाटांसाठी भांडते आहे, तिनेच मॅक्लिंटॉक यांच्या विधेयकाला पाठिंबा दिला नाही. सभासदांतले बरेच त्यामुळे तिच्यावर रागावले. संघटनेने ओळखले होते ते असे: एकदा हा कायदा दुरुस्तीसाठी टेबलावर आला की दुरुस्ती सुचवणारे फक्त सायकलवाले नसतील. या शंकेला पुढे उत्तर मिळाले. जून २०२५ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांतली २० ते ३० लाख एकर सार्वजनिक जमीन विकायला काढावी अशी तरतूद सिनेटच्या अर्थसंकल्पी विधेयकात आली. ती आणणारे सिनेटर माइक लीच होते. शिकारी, मासेमार, ट्रेकर, सायकलवाले सगळे एकवटले आणि महिना संपायच्या आत ती तरतूद मागे घ्यावी लागली. नऊ वर्षांपूर्वी सायकलवाल्यांचा कैवार घेणाऱ्या हातांना त्या जमिनीचे मोल कशात वाटत होते, हे सायकलवाल्यांनीच पाहिले.

पण संरक्षणवाल्यांचेही सगळे बरोबर नाही. पंधरा वर्षे अडलेला व्हाइट क्लाउड्सचा प्रश्न सुटला तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. आयडाहोचे माजी गव्हर्नर सेसिल अँड्रस यांनी आग्रह धरला की काँग्रेस हलत नसेल तर राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या अधिकारात तो प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर करावा. स्मारकात सायकलींना जागा ठेवता आली असती, आणि त्या अटीवर सायकलवाले आणि संरक्षण संस्था एकत्रही आल्या होत्या. स्मारकाचा धाक निर्माण झाला तसे खासदार माइक सिम्पसन यांचे वाइल्डरनेसचे विधेयक भराभर पुढे सरकले आणि मंजूर झाले. ज्यांच्या पाठिंब्याने तो धाक उभा राहिला, त्या सायकलवाल्यांच्याच वाटा गेल्या.

मोंटानातल्या बिटररूट जंगलात तर वाइल्डरनेस घोषितही झालेले नाही. १९७७ च्या कायद्याने काही प्रदेश ‘विचाराधीन’ ठेवले आणि त्यांचे तेव्हाचे स्वरूप राखावे असे सांगितले. १९७७ मध्ये तिथे सायकली जवळपास नव्हत्या. या आधारावर २०१६ मध्ये वनखात्याने शंभराहून अधिक मैलांच्या वाटा बंद केल्या. वर्षानुवर्षे त्या वाटांवर पडलेली झाडे दूर करणारे सायकलवालेच होते. वाइल्डरनेसमध्ये चेनसॉलाही बंदी असते. आडवे पडलेले झाड दोघांनी ओढायच्या करवतीने कापावे लागते, आणि ते कसब असलेली माणसे कमी होत आहेत. वनखात्याच्या १ लाख ५८ हजार मैल वाटांपैकी जेमतेम चौथा हिस्सा खात्याच्या स्वतःच्या निकषांत बसतो, असे सरकारी लेखातपासनिसांनीच २०१३ मध्ये लिहिले. अशा वेळी फुकट राबणारे हात दुखावून पाठवणे शहाणपणाचे नव्हते.

याच्या उलट उदाहरण कोलोरॅडोतल्या ड्युरँगोजवळच्या हर्मोसा क्रीकचे. माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये ड्युरँगोत झाली होती, तेव्हा सायकलवाल्यांना डावलून तिथे काही होणे शक्यच नव्हते. गुरेवाले, पाणीवाले, शिकारी, सायकलवाले आणि संरक्षणवाले २००८ पासून एका टेबलाशी बसले. डिसेंबर २०१४ मध्ये कायदा झाला, तोही लष्करी खर्चाच्या विधेयकाला चिकटून: सुमारे ३७ हजार एकर वाइल्डरनेस आणि ७० हजार एकर खास व्यवस्थापनाचे क्षेत्र. नावाजलेली हर्मोसा क्रीकची वाट दुसऱ्या भागात ठेवली. खाण दोन्हीकडे बंद, चाक एकीकडेच. सीमारेषा आखण्याआधी वाटांचा नकाशा उघडला, एवढेच त्यांनी वेगळे केले होते. त्याच विधेयकातून मोंटानाच्या रॉकी माउंटन फ्रंटलाही असाच तोडगा मिळाला.

दोन गोष्टी पुढील पानांत वारंवार येतील. एक, ई-बाइक. मोटर असलेली सायकल मोटरगाडीत धरायची की सायकलीत, यावर २०१९ पासून सरकारी आदेश निघत आहेत. आमची सायकल पायांची आहे हा चाळीस वर्षांचा युक्तिवाद तिच्यामुळे अवघड झाला आहे. दुसरी, या ‘निर्मनुष्य’ जमिनी निर्मनुष्य कधीच नव्हत्या. तिथून हाकलल्या गेलेल्या आदिवासी जमातींना सायकल विरुद्ध बूट हा वाद कसा दिसत असेल, याचा विचार दोन्ही बाजूंनी फार उशिरा सुरू केला.

जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या एका कायद्याने किमान ८० मैल लांबीच्या निदान दहा सायकल-वाटा सार्वजनिक जमिनींवर शोधायला सांगितले आहे. त्या वाइल्डरनेसच्या बाहेर असतील. १९८४ चा नियम अजून लागू आहे. या पुस्तकाच्या वाचकांपैकी कोणी तिकडे सायकल घेऊन निघाले, तर एवढे ध्यानात ठेवावे: राष्ट्रीय वनांतल्या वाइल्डरनेसच्या सीमेवर सायकलवरून उतरून ती हातात धरून पुढे नेणे हाही गुन्हाच आहे. नियमात चालवण्याइतकीच जवळ बाळगण्यालाही बंदी आहे.